कारणाचा शोध आणि दोषारोप

हिजरी सन 10 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिरंजीव हजरत इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले. ते अजून अंगावर दूध पिणारे बालक होते. त्यांचा अखेरचा श्वास चालू असताना प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहत होते. योगायोग असा, की त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. मदीनेतील लोक म्हणू लागले, प्रेषितपुत्राच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. हे बोलणारे शत्रू नव्हते, श्रद्धावंत होते. त्यांच्या बोलण्यात प्रेम होते आणि त्या बोलण्याने प्रेषितांचा (स.) मानच वाढत होता. तरीही प्रेषितांनी (स.) ग्रहणाची नमाज अदा करून लोकांना समजावले, की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मृत्यूमुळे अथवा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. (बुखारी, मुस्लिम)

पुत्रवियोगाच्या दिवशी एका पित्याने, आपल्याच बाजूने जाणारा एक गैरसमज दूर केला. या प्रसंगात शोक नाकारलेला नाही आणि अल्लाहचा निर्णयही नाकारलेला नाही. नाकारले आहे ते इतकेच, की दुःखाच्या भरात एखाद्या घटनेला तिच्याशी संबंध नसलेले कारण चिकटवावे.

आपल्या घरांकडे पाहिले तर या शिकवणीची आठवण वारंवार यावी अशी स्थिती आहे. एखाद्या सुनेचा हमल एकदा, दोनदा, तीनदा टिकत नाही, तेव्हा त्या घरात कारणांची कमतरता नसते. नजर लागली, कोणी करणी केली, तिने पपई खाल्ली, तिने पाण्याची बादली उचलली, तिने ग्रहणात सुरी हातात घेतली, तिचा पायगुणच असा. ज्या प्रेषितांनी (स.) ग्रहणाचा मानवी जन्म-मृत्यूशी असलेला कल्पित संबंध तोडला, त्यांच्याच उम्मतीत गर्भवतीच्या माथी ग्रहण मारले जाते, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

अलीकडे या यादीत एक नवे कारण आले आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत सांगितले जाते, की गव्हातील ग्लुटेनमुळे गर्भ पडतो, तेव्हा गहू सोडा. नव्या कारणाची गोष्ट जुन्या कारणांहून वेगळी आहे, कारण त्यात सत्याचा काही अंश आहे. म्हणूनच त्याचा विचार अधिक जबाबदारीने करावा लागतो. सत्य किती आणि त्यापुढे अंदाज किती, हे तपासावे लागते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की कारण समजल्यावर आपण त्या ज्ञानाचे करतो काय? त्याने एखाद्या स्त्रीचे दुःख हलके करतो, की तिला दोष देण्यासाठी आणखी एक शब्द मिळवतो?

वैद्यकशास्त्र काय सांगते

आपोआप होणारा गर्भपात ही दुर्मीळ घटना नाही. निश्चित झालेल्या साधारण सहा-सात गर्भधारणांपैकी एक अशी संपते. पहिल्या तीन महिन्यांतील अशा गर्भपातांपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. त्यात मातेच्या खाण्यापिण्याचा, उठण्याबसण्याचा काही संबंध नसतो. काही जोडप्यांत असा दोष पित्याकडून येऊ शकतो, हेही आपल्या समाजात क्वचितच बोलले जाते. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत सर्व तपासण्यांनंतरही कारण सापडत नाही.

उरलेल्यांत काही आजार असे आहेत, की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच शरीरावर उलटते. वैद्यक त्यांना ऑटोइम्यून आजार म्हणते. वारंवार होणाऱ्या गर्भपाताशी ज्याचा संबंध सर्वाधिक भक्कमपणे सिद्ध झाला आहे, तो अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनचे डॉक्टर ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 मध्ये त्याचे वर्णन केले. या आजारात रक्तातील काही प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते आणि वारेच्या वाढीत अडथळा येतो. रक्ततपासणीने तो ओळखता येतो. मात्र एकदा तपासून भागत नाही, किमान 12 आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी लागते. निदान पक्के झाले, तर पुढच्या गर्भारपणात अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि हेपारिन देऊन अनेक मातांच्या कुशीत बाळ आले आहे.

सिलिअ‍ॅक हा दुसरा असा आजार. गहू आणि जव यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे, जन्मतः तशी प्रवृत्ती असलेल्या माणसांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयीची शंका 1930 च्या दशकातच आली होती. 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तेथे दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. त्या काळातील अनुभवाने त्यांची शंका बळावली. 1950 मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. सारे लोक पावासाठी तडफडत असताना काही आजारी मुलांची प्रकृती पाव नसल्यामुळेच सुधारावी, ही अल्लाहच्या सृष्टीतील विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

आपल्या देशात उत्तरेकडे साधारण शंभरात एका व्यक्तीला हा आजार आढळतो. दक्षिणेत, जिथे भात मुख्य अन्न आहे, तिथे तो बराच कमी आढळला. पुष्कळांना पोटाचा त्रास फारसा होत नाही. फक्त रक्त कमी, सतत थकवा, तोंड येणे, एवढीच लक्षणे असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यामुळे बाईचे रक्त कमी असणे आपल्याला नेहमीचेच वाटते. पण महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर आतडे लोह शोषून घेत आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा.

आता या आजाराचा गर्भपाताशी संबंध किती? डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. निदान होऊन उपचार सुरू झालेल्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण इतर स्त्रियांइतकेच होते. निदान होण्यापूर्वीच्या काळात मात्र दर हजार गर्भधारणांमागे सुमारे 11 गर्भपात जास्त झाले होते. हा फरक खरा आहे आणि तो लहानही आहे. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्था नाइस हिने 2015 च्या सूचनांत वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीची सिलिअ‍ॅकसाठी रक्ततपासणी करण्याचा विचार व्हावा, असे म्हटले आहे. प्रत्येकीची तपासणी केलीच पाहिजे, असे म्हटलेले नाही. फिकहचे विद्यार्थी वाजिब आणि मुस्तहब यांतला फरक जाणतात, त्यांना हा फरकही कळेल.

सिलिअ‍ॅक नसतानाही काही लोकांना गव्हाने पोट फुगते, जड वाटते. ती तक्रार खरी असू शकते, पण तिचा गर्भपाताशी संबंध सिद्ध झालेला नाही. ऑटोइम्यून आजारांच्या बाबतीत प्रत्येक आशा फळाला येते असेही नाही. थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे असलेल्या, पण थायरॉइडचे काम नीट चालू असलेल्या स्त्रियांना थायरॉइडची गोळी दिली तर गर्भ टिकेल, असे वाटत होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. संशोधकांनी ते प्रामाणिकपणे छापले. हदीसच्या सनदेत एखादा रावी कमकुवत आढळला, तर मजकूर कितीही मन मोहणारा असला तरी मुहद्दिस ते नोंदवून ठेवतात. हा प्रामाणिकपणा त्याच जातीचा आहे.

तवक्कुल आणि उपचार

काही धर्मनिष्ठ घरांत असा प्रश्न विचारला जातो, की मूल देणे न देणे अल्लाहच्या हाती असताना तपासण्यांच्या मागे लागणे ईमानाच्या विरुद्ध नाही का? सूरह अश-शूरामध्ये (आयत 49-50) स्पष्ट सांगितले आहे, की अल्लाह कोणाला मुली देतो, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही, आणि ज्याला इच्छितो त्याला अपत्यहीन ठेवतो. मग शोध कशाचा घ्यायचा?

या प्रश्नाचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांनी देऊन ठेवले आहे. ते सीरियाकडे निघाले असता तिकडे प्लेगची साथ असल्याचे कळले आणि सल्लामसलतीनंतर त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. एका दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड असेल, तर उंट कोणत्याही बाजूला चारला तरी तो अल्लाहच्याच तकदीरनुसार चारला जाईल. (बुखारी) आजार तकदीरमध्ये आहे आणि त्याचे निदानही तकदीरमध्येच आहे. प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या दासांना उपचार करण्यास सांगितले आणि प्रत्येक आजारासोबत अल्लाहने त्याचा उपाय उतरवल्याचे सांगितले, त्यामागे हीच समज आहे.

इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथातील तवक्कुलच्या प्रकरणात याची अधिक बारकाईने मांडणी केली आहे. हानी दूर करणाऱ्या उपायांच्या त्यांनी तीन श्रेणी केल्या. पहिली निश्चित उपायांची, जसे तहानेवर पाणी आणि भुकेवर भाकर. दुसरी प्रबळ संभाव्यतेची, ज्यात वैद्यांचे सर्वसाधारण उपचार येतात. तिसरी केवळ कल्पनेवर आधारलेली. निश्चित उपाय सोडणे म्हणजे तवक्कुल नव्हे. जिवाला धोका असताना तो सोडणे हराम आहे. दुसऱ्या श्रेणीतील उपाय करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. तिसऱ्या श्रेणीतील उपायांच्या मागे न लागणे, हेच तवक्कुलला शोभणारे आहे.

ही मांडणी आपल्या विषयाला लावून पाहावी. तपासणीने सिलिअ‍ॅक निश्चित झालेल्या रुग्णाने ग्लुटेन सोडणे पहिल्या श्रेणीत मोडते. त्याने तिच्या आतड्याची इजा थांबते, यात शंका उरलेली नाही. त्यामुळे पुढचा गर्भ टिकण्याची शक्यता वाढणे आणि अँटिफॉस्फोलिपिडवरील उपचार, हे दुसऱ्या श्रेणीत येते. कोणतीही तपासणी न करता, एखादा व्हिडिओ पाहून घरातील गहू बंद करणे मात्र तिसऱ्या श्रेणीत जाते. गजालींनी निश्चित उपायाचे उदाहरण म्हणून भाकरीचे नाव घेतले, आणि आपण ज्या आजाराविषयी बोलत आहोत त्यात गव्हाची भाकरीच इजा करते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. कोणता उपाय कोणासाठी निश्चित, हे माणसागणिक बदलू शकते. म्हणूनच तपासणी लागते.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडला, तर प्रतिपिंडे कमी होतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणजे घाईने केलेला उपाय निदानाचाच मार्ग बंद करतो. रक्ततपासणीत शंका आली, तर दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासून डॉक्टर खात्री करतात. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम कोणीही मोडू नये. आणि एकदा निदान झाले, की ते पथ्य जन्मभराचे असते. गर्भ राहिला म्हणून किंवा बाळ झाले म्हणून ते सोडता येत नाही.

दुआ, कुरआनपठण आणि शरीअतच्या मर्यादेतील रुक्या यांना कोणी मनाई केलेली नाही. दुआ मोमिनचा आधार आहे. पण तावीज बांधला म्हणून रक्ततपासणी पुढे ढकलणे, किंवा बाबाला हजारो रुपये देऊन डॉक्टरकडे जाण्यास पैसे नाहीत म्हणणे, याला तवक्कुल म्हणता येणार नाही.

हलाल अन्न सोडणे आणि हराम औषध घेणे

पथ्याच्या बाबतीत दोन प्रश्न येतात. पहिला असा, की गहू हे अल्लाहने हलाल केलेले रिज्क आहे, ते जन्मभर सोडणे म्हणजे हलालला हराम ठरवणे तर नव्हे? तसे नाही. एखादी वस्तू न खाणे आणि ती हराम मानणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेषितांच्या (स.) दस्तरखानावर घोरपडीच्या जातीच्या एका वाळवंटी प्राण्याचे मांस आले, तेव्हा त्यांनी ते खाल्ले नाही, पण हजरत खालिद (रजि.) यांना खाण्यापासून रोखलेही नाही. पथ्याला तर थेट सुन्नतचा आधार आहे. हजरत अली (रजि.) आजारातून उठत असताना प्रेषितांनी (स.) त्यांना खजूर खाण्यापासून थांबवले आणि जव व पालेभाजी घालून शिजवलेले अन्न त्यांच्यासाठी अधिक योग्य असल्याचे सांगितले. (अबू दाऊद, तिर्मिजी) खजुराइतके प्रिय आणि बरकतीचे फळ दुसरे कोणते? तरीही त्या प्रकृतीला ते त्या वेळी मानवणारे नव्हते.

याच हदीसमधील जवाच्या उल्लेखावरून एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आपल्या घरांत आजारी माणसाला तलबीना, म्हणजे जवाची पेज, मोठ्या श्रद्धेने दिली जाते आणि तिचा उल्लेख सहीह हदीसमध्ये आहे. पण जवात ग्लुटेन असते. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला तलबीना देणे म्हणजे तिची इजा वाढवणे. असे सांगण्याने हदीसचा अनादर होत नाही. इब्ने कय्यिम (रह.) यांनी तापावर थंड पाणी वापरण्याच्या हदीसचा खुलासा करताना लिहिले आहे, की ते मार्गदर्शन हिजाजच्या लोकांच्या आणि त्यांच्यासारख्या हवामानातील तापाच्या संदर्भात आहे. सर्वसाधारण उपाय प्रत्येक प्रकृतीला सारखा लागू होत नाही, ही समज आपल्या पूर्वसूरींना होती. हजरत अलींना खजुरापासून रोखणारी सुन्नतच आज एखाद्या बहिणीला तलबीनापासून रोखेल.

दुसरा प्रश्न याच्या उलट आहे. हेपारिन हे औषध सामान्यतः डुकराच्या आतड्यापासून बनवले जाते, हे कळल्यावर अनेक कुटुंबे हादरतात. ही शंका ईमानाची खूण आहे, तिची चेष्टा होऊ नये. सूरह अल-बकराच्या 173 व्या आयतीत निषिद्ध अन्नाचा उल्लेख केल्यावर लगेच सांगितले आहे, की जो मर्यादा न ओलांडता नाइलाजास्तव घेईल, त्याच्यावर गुन्हा नाही. याच आधारावर मोठ्या संख्येने फकीहांनी म्हटले आहे, की विश्वासू डॉक्टरच्या मते उपचार आवश्यक असेल आणि तितकाच परिणामकारक हलाल पर्याय उपलब्ध नसेल, तर असे औषध घेता येते. प्रक्रियेत मूळ पदार्थ बदलून जातो का, यावरही फिकहमध्ये चर्चा झाली आहे. म्हणून कुटुंबाने आधी डॉक्टरांना विचारावे, की या रुग्णासाठी दुसरा पर्याय आहे का, आणि ते उत्तर घेऊन आपल्या विश्वासातील मुफ्तींकडे जावे. कोणालाही न विचारता मनातल्या मनात इंजेक्शन बंद करणे धोक्याचे आहे.

कारण सापडले, म्हणून गुन्हेगार सापडत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. समजा तपासणी झाली आणि सिलिअ‍ॅक निघाला. घरात हायसे वाटायला हवे, कारण उपाय असलेले कारण हाती आले. पण कधी कधी वेगळेच घडते. ‘म्हणजे दोष हिच्यातच होता’, ‘पाव खाण्याची हौस नडली’, ‘आईवडिलांनी लग्नाआधी लपवले’, अशी वाक्ये ऐकू येतात. काल पायगुणाच्या नावाने जे बोलले जात होते, तेच आज ग्लुटेनच्या नावाने बोलले जाते. शब्द विज्ञानाचा, वृत्ती अज्ञानकाळाची. प्रेषितांनी (स.) अपशकुनाला इस्लाममध्ये स्थान नसल्याचे सांगितले, त्याचा गाभा असा होता, की निष्पाप जिवाला अनिष्टाचा धनी ठरवू नये. अपशकुनाऐवजी आजाराचे नाव घेतले, म्हणून तो जुलूम जुलूमच राहतो.

कारण आणि अपराध यांत फरक आहे. अपराधाला ज्ञान आणि इरादा लागतो. जी स्त्री सर्वांसारखी चपाती खात होती, जिला स्वतःच्या आतड्यात काय चालले आहे हे माहीत नव्हते, तिच्याकडे ना ज्ञान होते, ना इरादा. विजेच्या धक्क्याने माणूस मेला तर वीज हे कारण, पण त्या माणसाला खुनी कोणी म्हणत नाही. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व कुरआनने अनेक ठिकाणी सांगितले आहे. मग जो अपराध कोणी केलाच नाही, त्याचे ओझे एका स्त्रीच्या खांद्यावर कोणत्या न्यायाने टाकायचे? सूरह अल-बकराच्या 233 व्या आयतीत, दूध पाजण्याच्या संदर्भात, कोणत्याही मातेला तिच्या अपत्यापायी त्रास दिला जाऊ नये, असे म्हटले आहे. कुशीत असलेल्या मुलापायी त्रास देणे वर्ज्य, तर गमावलेल्या मुलापायी त्रास देणे किती अधिक वर्ज्य असेल!

आणखी एक गोष्ट पुरुषांनी ऐकावी. वारंवार गर्भपात झाला, की तपासणीला सून जाते आणि सल्ला दुसऱ्या लग्नाचा दिला जातो. सूरह अन-निसाने (आयत 19) पत्नीशी भल्या रीतीने वागण्याचा आदेश दिला आहे आणि ती नावडती वाटली तरी तिच्यात अल्लाहने पुष्कळ भले ठेवले असू शकते, हे लक्षात आणून दिले आहे. अनेक समकालीन फकीहांनी पत्नीच्या उपचाराचा खर्च नफक्यातच मोजला आहे. तेव्हा पतीने तपासणीचा खर्च उचलावा, स्वतःची तपासणी सांगितली तर लाज न बाळगता करावी, आणि दवाखान्यात तिच्या शेजारी बसावे.

पथ्य हेही एकटीचे काम नाही. सिलिअ‍ॅक असलेली सून दुसऱ्यांसाठी चपात्या लाटते आणि स्वतः उपाशी उठते, असे होऊ नये. महाराष्ट्रात तर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळाच्या भाकरीची परंपरा आहे. सारे घर आठवड्यातून चार दिवस भाकरी खाऊ लागले, तर कोणाचे काय बिघडेल? मात्र गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर त्याच जात्यातून निघालेल्या ज्वारीच्या पिठात गहू मिसळतो, म्हणून दळण वेगळे करण्याची काळजी घ्यावी. बाजारातील खड्या नसलेल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. रमजानमधले हलीम, ईदच्या शीरखुर्म्यातील शेवया, समोसे ज्या तेलात तळले ते तेल, या सगळ्यांकडे लक्ष द्यावे लागते. ईदच्या दिवशी तिच्यासाठी तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा वेगळ्या पातेल्यात शिजवणाऱ्या सासूला त्या पातेल्याचाही सवाब मिळेल, अशी आशा आहे.

कारण सापडले नाही तर

अर्ध्या घरांत शेवटी कोणतेही कारण सापडणार नाही, हे आधी सांगितलेच आहे. तेथे मनुष्याची परीक्षा अधिक कठीण होते, कारण रिकामी जागा भरण्याचा मोह फार मोठा असतो. या घरांना दिलासा देणारी गोष्ट अशी, की कारण न सापडलेल्या बहुसंख्य जोडप्यांना पुढे मूल होते. पण ज्यांना होत नाही, त्यांच्यासाठीही दीनमध्ये मानाची जागा आहे. हजरत जकरिया (अलै.) यांनी वृद्धापकाळी अपत्यासाठी दुआ मागितली, तेव्हा आपली पत्नी वंध्य असल्याचे त्यांनी अल्लाहपाशी मांडले. कुरआनात हा प्रसंग एकाहून अधिक ठिकाणी येतो, आणि कोठेही त्या पुण्यवान स्त्रीविषयी दोषाचा एक शब्द नाही. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांना मूल नव्हते; त्यांच्याकडून मिळालेल्या ज्ञानावर आजही उम्मत जगते आहे.

ज्या मातेचा हमल पडला, तिला शोक करण्याचा हक्क आहे. ‘अजून आकारही नव्हता’ असे म्हणून तिचे दुःख झटकून टाकू नये. आकार आलेला गर्भ स्वच्छ कापडात गुंडाळून अदबीने दफन करावा, असेच फिकह शिकवते. अशा अपूर्ण बालकाने मातेला जन्नतमध्ये नेण्याविषयीच्या रिवायतींच्या सनदेवर मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. पण लहान वयात अपत्ये गमावून सब्र करणाऱ्या मातांसाठी शुभवार्ता देणाऱ्या हदीस सहीह बुखारीत आहेत, आणि मोमिनला टोचणाऱ्या काट्याचाही मोबदला वाया जात नाही, हे तर सर्वांना ठाऊक आहे. तिच्या सांत्वनासाठी एवढा पक्का आधार पुरेसा आहे.

ज्या घरात हे दुःख आहे त्या घराने तीन कामे करावीत. जाणत्या डॉक्टरकडे जाऊन योग्य त्या तपासण्या योग्य क्रमाने कराव्यात. जितके सिद्ध आहे तितकेच बोलावे आणि पुढचे अल्लाहवर सोपवावे. आणि त्या स्त्रीसमोर कोणाच्याही तोंडून दोषाचा शब्द निघू देऊ नये. पहिले काम शरीराचे हक्क अदा करते, दुसरे सत्याचे, तिसरे माणसाचे.

हे अल्लाह, ज्या कुशी रिकाम्या आहेत त्यांना नेक संतती दे. ज्यांचे निदान झालेले नाही त्यांना निदानापर्यंत पोहोचव. ज्यांच्यासाठी तू वेगळा निर्णय केला आहेस त्यांच्या अंतःकरणाला समाधान दे, आणि आमच्या जिभांना जुलमापासून रोख. आमीन.